अर्ध्या गंगेपर्यंतची काशी

पत्नी सीताबाई गेल्या आणि ढुंढिराजभटजींची झोपही जणू त्यांच्याबरोबर गेली. काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात सून शरदिनी पहाटे उठायची, तर मामंजी अंथरुणात बसलेलेच. डोळे लाल, रात्रीचं ताट तसंच. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. शरदिनीचे वडील ती रांगती असतानाच वारले. बाप म्हणून तिला ठाऊक होते ते मामंजीच. तेही जातील या धास्तीने तिच्या हाताला काम सुचेना.

उपायांना काय तोटा! वैद्यबुवांनी वात खवळलाय म्हणून टाळूला ब्राह्मीचं तेल आणि निजताना जायफळाचं दूध सांगितलं. छावणीतल्या गोऱ्या डॉक्टरने नाडी धरून घड्याळाकडे पाहिलं आणि बाटली दिली. ती सोवळ्यात बसेना, म्हणून कोनाड्यातच राहिली. बालाजी घाटावरचा नावाडी रामजियावन मात्र नुसता हसला.

"महाराज, दवाई छोड़ा. ओह पार चला. रेती पर नहा, हवा खा, नींद अपने आप आई."

बनारसी माणसाचं औषध हेच. जीव कोमेजला की तो नाव काढतो, पैलतीरी अर्धा दिवस लोळतो, डुंबतो आणि ताजातवाना घरी येतो. पण भटजींनी क्षेत्रसंन्यास घेतलेला. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. त्यातून पलीकडे मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सीताबाईंनी उभ्या जन्मात एकच हट्ट धरला होता, "पलीकडून आपला घाट कसा दिसतो, ते एकदा बघू या ना." भटजींनी तोही पुरवला नव्हता.

अखेर शरदिनीनेच तोड काढली. "मामंजी, अर्धी गंगा तर काशीतच ना? तिथवर जाऊ आणि लौटून येऊ."

शास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट सापडेना. मग रोज सकाळी नाव मध्यावर जाऊन थांबू लागली. पाण्यावर धुकं पसरलेलं असायचं, देवळांच्या घंटा कुठल्यातरी दुसऱ्याच गावातून आल्यासारख्या वाटायच्या. नाव पाळण्यासारखी डुलायची. आणि एक दिवस भटजींची मान कलली, घोरणं ऐकू आलं. शरदिनीने पदर तोंडात धरला आणि पोटभर रडून घेतलं.

तेव्हापासून ते नावेत झोपू लागले, घरी दोन घास जास्त खाऊ लागले. चैत्रातल्या एका सकाळी ते जागे झाले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "रामजियावन, चला ओह पार."

शरदिनीने त्यांचा हात धरला. "मामंजी, व्रत! काही झालं तर गाढवाचा जन्म..."

"मग दारात येईन. कोंडा घाल."

नाव वाळूला लागली. भटजी उतरले, वळले. समोर सगळे घाट कोवळ्या उन्हात न्हायले होते आणि त्यांत त्यांचा बालाजी घाट केवढासा दिसत होता! त्यांनी उपरणं वाळूवर पसरलं आणि एका कडेला सरकून बसले.

शेजारची जागा आपल्यासाठी नाही, हे शरदिनीला कळलं. ती नावेपाशीच उभी राहिली.