आर्डिस कोल्स्टाडचा गॅसवरचा फ्रिज

आग पेटवली की गारवा येतो, हे तुम्हाला पटेल का? नाही ना? मग आर्डिस कोल्स्टाडच्या गाडीत डोकावून बघा. सव्वीस फुटांचं जुनं मोटारघर. त्यात पलंग, शेगडी, मोरी आणि तीस वर्षांचा एक फ्रिज. फ्रिजच्या मागे करंगळीएवढी गॅसची निळी ज्योत जळते, म्हणून पुढे दूध थंड राहतं. दार धड लागत नाही, ते दोरीनं बांधलेलं.

आर्डिसनं नॉर्थ डकोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पोरांना वाढलं. त्याबद्दल जी पेन्शन मिळाली तीत एक तर घर ठेवता येत होतं, नाही तर जेवता येत होतं. तिनं जेवण निवडलं. आता अडुसष्टाव्या वर्षी ती शरदात साखरेच्या बीटच्या काढणीवर बारा-बारा तास बीटच्या ढिगाशी उभी राहते आणि हिवाळ्यात अॅरिझोनात अशाच गाड्यांच्या तळावर संडास धुते. गुळगुळीत कागदाची मासिकं याला मुक्त जीवन म्हणतात. मुक्त तर ती आहेच, छपरापासून.

बोटांना संधिवात. दर पंधरा दिवसांनी मांडीत एक इंजेक्शन टोचलं की मूठ वळते, आणि मूठ वळली तरच काम. हंगाम संपला तेव्हा फ्रिजात शेवटचं एक उरलं होतं, येत्या रविवारचं. पुढचं पार्सल थेट अॅरिझोनात. औषध तापलं तर वाया, गोठलं तरी वाया.

निघायच्या सकाळी बीटच्या हंगामावरचा शेजारी वेंडेल हाउग्रुड तिच्या खिडकीशी येऊन उभा राहिला; तोही दक्षिणेलाच निघालेला. याची गाडी अडतीस फुटांची, फ्रिज विजेवरचा, छपरावर सौरपट्ट्या. उपदेशाला असा माणूस नेहमीच मोकळा असतो.

"आर्डिसबाई, सिलिंडर बंद केलास ना? ज्योत पेटती ठेवून गाडी हाकणं म्हणजे चालता-फिरता बॉम्ब!"

"आणि तू चालतं-फिरतं व्याख्यान. बाजूला हो."

"बंद फ्रिज चार तास सहज गार राहतो, बाई."

"तुझा राहत असेल. माझ्या फ्रिजाचं दार सुतळीच्या भरवशावर आहे."

ती ज्योत पेटती ठेवूनच निघाली. मात्र बेफिकीर नव्हती. पेट्रोल पंप दिसला की अलीकडेच थांबायची, उतरून सिलिंडर बंद करायची, मग पंपावर जायची. भरून झालं की पुन्हा लांब उभी राहून फ्रिजपुढे गुडघे टेकायची, बटण अर्धं मिनिट दाबून धरायची आणि इवल्याशा काचेतून ज्योत दिसते का बघायची. अर्धं मिनिट म्हणजे काय, हे सुजलेल्या बोटांना विचारा. नेब्रास्कात तिसऱ्या पंपानंतर वाऱ्यानं ज्योत चारदा विझली. पाचव्यांदा टिकली तेव्हा आर्डिसच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात शिव्या. आता औषध तापू द्यायचंच नाही, म्हणून तिनं थंडीची कळ शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली आणि महामार्गाकाठच्या विश्रांतीतळावर मुक्काम केला.

सकाळी बाहेर पाण्याची डबकी गोठलेली. बाहेरच बर्फ असताना आतली ज्योत रात्रभर इमानेइतबारे राबत होती. दोरी सोडली तर दुधाचा दगड झालेला, अंडी तडकलेली. धक्क्यांनी आपटू नये म्हणून औषध लोकरी मोज्यात गुंडाळून पुढे ठेवलेलं. तिनं ते उजेडात धरून तिरकं केलं. आतला थेंब हळूच सरकला. वाचलं होतं! अकलेनं नव्हे, मोज्यानं.

तिनं झटक्यात ज्योत विझवली. दूध वितळायला लागल्यावर कळ खाली आणून पुन्हा पेटवायला बसली, तर अंगठा बटणावर ठरेना. इंजेक्शनचा जोर ओसरत आला होता. तोवर ऊन चढलं, आणि पुढचा सगळा रस्ता दक्षिणेचा. बर्फाच्या पेटीत ठेवावं तर पुन्हा गोठायची भीती. तळाच्या दुसऱ्या टोकाला वेंडेलची अडतीस फुटी उभी होती. एवढ्या मोठ्या देशात याला हाच तळ सापडावा!

शंभर पावलं चालायला तिला वीस मिनिटं लागली. पाय ठीक होते, आड येत होता तो ताठा.

वेंडेलनं दार उघडलं. "काय गं, संपला ना गॅस?"

"नाही. जास्त चालला. दुधाची वीट झालीय. हे औषध रविवारपर्यंत तुझ्या फ्रिजात राहू दे. आणि एक शब्द बोलू नकोस."

त्यानं तिची बोटं पाहिली. मग फ्रिजातल्या बिअरच्या बाटल्या एकेक करून काढून टेबलावर मांडल्या.

"मधला कप्पा बरा," तो म्हणाला. "मागे ठेवू नको, तिथं फार थंड असतं."

"ते आता मला कळलंय."

दोन्ही गाड्या मागोमाग गेल्या, आणि रविवारी न्यू मेक्सिकोत त्याच्याच पायरीवर बसून तिनं सुई टोचली. सोमवारी मूठ वळली, आणि अॅरिझोनाच्या तळावर रुजू व्हायला ती एक दिवस आधीच पोचली.

तेव्हा मायबाप वाचकहो, एवढंच करा. तुमच्या शेजारी एखादी खटारा गाडी येऊन थांबली आणि आतली म्हातारी हातात औषध घेऊन तुमच्या दाराशी आली, तर तिला गॅसचे नियम ऐकवू नका, मुक्त जीवन कसं वाटतं तेही विचारू नका. बाटल्या बाहेर काढा आणि मधला कप्पा रिकामा करून द्या.