त्यांच्या नंबरवर

पती वारल्यानंतर मी मंगळवारचा जोगवा बंद केला. देवीच्या नावाने परडी घेऊन पाच घरी जायचे आणि जे पडेल ते घ्यायचे, असा आमच्या घरचा नेम. जिने एवढे नेले तिच्यासाठी लोकांच्या दारात का उभे राहावे, असे वाटू लागले. पदवीचा अभ्यास तेवढा चालू ठेवला. दूरशिक्षणाचा तो प्रवेश त्यांनीच घेऊन दिला होता. जळकोटला घरी बसून, मोबाइलवर व्याख्याने ऐकत मी शिकत होते.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी प्रवेशपत्र काढायला गेले, तर ओटीपी त्यांच्या नंबरवर जात होता. अर्जात त्यांनी स्वतःचाच नंबर दिला होता. ते गेल्यावर रिचार्ज झाले नाही आणि तो बंद पडला. अभ्यासकेंद्रावरचे सर फोनवर म्हणाले, "नंबर बदलायला पंधरा दिवस लागतात." माझ्या नोंदणीची मुदत याच परीक्षेबरोबर संपत होती. पेपर चुकला तर पदवी गेली.

बराच वेळ बसून राहिले. मग त्यांचा नंबर लावला. का, ते आजही सांगता येत नाही. रिंग वाजली. फोन उचलला तो मुरुमकडच्या एका वृद्ध मेंढपाळांनी. बंद पडलेला नंबर आता त्यांना मिळाला होता. मी अडचण सांगून ओटीपी मागितला.

"त्यो कुणाला सांगू नये म्हणत्यात, बाई. लई फसवाफसवी चाललीय."

"काका, मी खरंच विद्यार्थिनी आहे. इतिहासाची."

मागून मेंढ्यांचा आवाज येत होता.

"इतिहासाची? मग तिसरा स्वाध्याय दिला का न्हाय? किती बारी मेसेज आला! नात वाचून दावती. मी म्हणलं, पुसू नगं, कुणाचं तरी शिक्षण हाय."

"दिला, काका."

"बरं झालं. आमालाच घोर लागला हुता."

नातीने सहा आकडे वाचले. प्रवेशपत्र निघाले.

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन घरी आले. सांगायला घरात कुणी नव्हते. पुन्हा तोच नंबर लावला आणि म्हटले, "पेपर बरा गेला."

हा चमत्कार होता का, याचा निवाडा मी करत नाही. ते परत आले नाहीत. घर तसेच रिकामे आहे. पण देवीवरचा माझा राग त्या दुपारी कुठेतरी गळून पडला. मी हात पसरला होता आणि तो रिकामा राहिला नव्हता.

पुढच्या मंगळवारी परडी काढली. चार घरी गेले. पाचवे आधीच झाले होते.