मास्तरांच्या मागच्या खोलीतली

लेडीज टेलर मास्तरांनी मागच्या खोलीत एक बाई आणून ठेवलीय, ही कुजबूज निघाली इस्त्रीवालीच्या टेबलावरून. ते टेबल मास्तरांच्या मागच्या खिडकीखालीच, त्यामुळे बातमी ऐकीव नव्हती, स्वतःच्या कानांनी ऐकलेली होती. आतून मास्तरांचा आवाज आला, "लाजतेस काय अशी? वळ, पाठ बघू दे. अरेरे, किती सोलवटलीय! दुखतंय का? हळूच बघतो हं. आणि बाहेर जायचं नाव काढू नकोस, त्या टपूनच बसल्यात."

एवढं ऐकल्यावर कुणाचा हात जागेवर राहील? एका शर्टाची कॉलर करपली. ती का करपली हे शर्टाच्या मालकाला सांगावं लागलं, त्याने ते बायकोला सांगितलं, आणि पुढचं काम बायकोने केलं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागच्या खोलीतल्या बाईला गोरा रंग फुटला होता आणि मागे टाकून आलेला एक नवराही मिळाला होता.

आता मास्तर म्हणजे कोण, तर नजरेने माप घेणारा माणूस. टेप गळ्यात असायची ती केवळ शोभेला. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत खांदा, छाती, कंबर मनात मांडून मोकळे. पण त्यांचं खरं कसब जिभेवर होतं. "तुम्ही सुटलात" असं ते जन्मात कुणाला म्हणाले नाहीत. "कापड आटलंय," म्हणायचे. या एका वाक्यावर त्यांचं दुकान उभं होतं.

घरातल्या कोंबड्या मास्तरांच्या बायकोच्या. मागच्या अंगणात त्यांचा दरबार भरायचा, आणि दरबारात हुकूम चालायचा तो एका काळ्या कोंबडीचा. तिला घरात ठाणेदारीण म्हणत. पिवळी त्यातली गरीब. दुपारी अंगणातून दुकानात यायची आणि मास्तरांच्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसायची. मशीन चाललं की डोळे मिटायची, थांबलं की उघडायची. मास्तरांना वाटायचं, आपल्या कामाची कदर असलेला घरात हा एकच प्राणी आहे.

एके दिवशी पिवळीची पिसं झडायला लागली. कोंबड्या अधूनमधून पिसं टाकतातच, पण हिने उशी फाटल्यासारखी टाकली. मान उघडी, पाठ उघडी, शेपटी तर गेलीच. अंगणात अशी उघडी जागा दिसली की काय होतं? ठाणेदारणीने पहिली चोच मारली. तिने मारली म्हणून दुसरीने मारली. तिसरीला कारणसुद्धा माहीत नव्हतं, पण सगळ्या मारतायत म्हटल्यावर आपण मागे का राहायचं?

मास्तरीणबाईंनी हिशेबी नजरेने बघितलं. "आता ही बरेच दिवस अंडं देत नाही. रविवारी माझा दादा जेवायला येतोय, कोंबडी करते म्हणून मी त्याला सांगूनच टाकलंय. अर्धी सोललेलीच आहे, तेवढं माझं काम वाचलं."

"अगं, काहीतरीच काय!" मास्तर म्हणाले. "पिसं येतील तिला परत."

"रविवारच्या आत?"

मास्तर परत मशीनवर बसले. पण तिला असं उघडं हिंडताना त्यांना बघवेना. जन्मभर बायकांना नीट झाकण्याचा धंदा केलेला माणूस तो. उपाय सुचायचा तो शिंप्याचाच सुचणार. त्यांनी पिवळीचं माप घेतलं, या वेळी खरोखर टेपने, आणि तिला एक जाकीट शिवलं. पंखांना मोकळं, पाठीला पूर्ण झाकणारं, आतून लाल साटीनचं अस्तर. इथवर एकवेळ चाललं असतं. पण कारागीर माणसाला थांबता येत नाही. पाठ साधी दिसते म्हणून त्यांनी पाठीवर चकचकीत पिवळ्या बटणांची एक रांग लावली. मक्याच्या दाण्याएवढी बटणं.

पिवळी अंगणात उतरली. सगळा दरबार जागच्या जागी थिजला. असलं ध्यान त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मास्तर दारात कंबरेवर हात ठेवून उभे, चेहऱ्यावर असा भाव की बघा, याला म्हणतात फिटिंग! तेवढ्यात ठाणेदारणीने मान तिरपी करून पहिलं बटण न्याहाळलं आणि टोचलं. दाणा निघेना म्हणून जोरात टोचलं. मग बाकीच्या धावल्या. जाकीट उसवलं, लाल अस्तर बाहेर आलं, आणि लाल दिसल्यावर त्यांना जो ऊत आला तो विचारू नका. मास्तर कापड मोजायची पट्टी घेऊन धावले. घाबरून पळण्याऐवजी त्या पट्टीलाच टोचायला लागल्या. शेवटी मास्तरीणबाई हातात आमटीचा डाव घेऊन आल्या तेव्हा कुठे पांगापांग झाली.

बाईंनी पिवळीला मांडीवर घेतलं आणि जाकीट उतरवलं. आत नव्या पिसांची कोवळी टोकं सुईसारखी वर आलेली. दोन-चार मोडून रक्त आलं होतं. बोट लागलं की कोंबडी अंग चोरायची. बाईंनी पदराने रक्त टिपलं. मग म्हणाल्या, "अहो, जन्मभर बायकांना कपडे घातलेत तुम्ही. एखादीला अंगाला काही लागूच द्यायचं नसेल, हे सुचलंच नाही तुम्हाला?"

रविवारचं नाव त्यांनी काढलं नाही. मास्तरांनीही काढलं नाही. सुटून हातात आलेला धागा ओढायचा नसतो, एवढं शिंप्याला कळतं.

कोंबडी-खाद्याच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, वेगळी ठेवा पण नजरेआड करू नका, नाहीतर बाकीच्या तिला ओळखणार नाहीत आणि मग परत घेणार नाहीत. म्हणून मागच्या खोलीच्या अंगणाकडच्या दाराला जाळी ठोकली. पिवळी आत, दरबार बाहेर, मध्ये जाळी. पिवळीला रोज मासळीची डोकी, पिसं लवकर यावीत म्हणून. बाहेर एक कोबी उंच टांगून ठेवला, चोचींना काम मिळावं म्हणून. आणि दिवसातून दोनदा मास्तर पाठ तपासायचे. ते तपासणं इस्त्रीवालीने ऐकलं.

त्या आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज एकाएकी घट्ट झाले. जी ती दुकानात येऊन मागच्या दाराकडे मान लांब करायची. मास्तर सगळ्यांना म्हणाले, "कापड आटलंय." मास्तरीणबाईंकडे तर बायका असं बघायच्या की जणू त्यांना काही दुर्धर आजार झालाय. शेजारीण हात धरून म्हणाली, "कसं सहन करता हो तुम्ही?"

"सुरुवातीला मलाही नको झालं होतं," बाई म्हणाल्या. "पण आता लळा लागलाय तिचा."

शेजारणीला घरी जाऊन पाणी प्यावं लागलं.

रविवारी दादा आले. बसचे कंडक्टर, आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. गल्लीच्या तोंडाशीच इस्त्रीवालीने त्यांना थांबवून घेतलं होतं. घरात पाऊल टाकलं ते ओरडतच, "चिमे! कुठंय ती?"

बाई मागच्या दाराकडे सरकल्या. हा ताटावर बसायच्या आधीच कोंबडी मागतोय! "कोण ती?"

"मागच्या खोलीत दडवलेली! सगळ्या गल्लीला माहितीय!"

"दादा, राहू दे रे तिला. अंगावर काही नाही तिच्या."

"अंगावर काही नाही?" दादांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला.

"यांनी शिवलं होतं एक, पण तिला टोचायचं."

"आणि तू? तू गप्प बसलीस?"

"गप्प कशाला बसू? मीच जेवू घालते तिला रोज."

"बाजूला हो. मला बघू दे एकदा."

बाई दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या. "नाही! मागच्या वेळी आलास तेव्हापासूनच तुझा डोळा होता तिच्यावर. मी दिलेला शब्द फिरवला म्हण, हवं तर. पण ती तुला मिळायची नाही. आज भाजीवर भागव."

दादांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मागच्या वेळी आपण या घरात नक्की काय केलं, हे ते आठवत उभे राहिले. काही आठवेना. मास्तरांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "भाजी वाढायची का?" दादांनी टोपी उचलली आणि न जेवता निघाले. इस्त्रीवालीच्या टेबलापाशी थांबून एवढंच म्हणाले, "माझी बहीण माणूस नाही, देवी आहे." त्या दिवशी आणखी एक कॉलर करपली.

खरी गोष्ट एवढीच. मागच्या खोलीत एक पिवळी कोंबडी होती आणि तिची पिसं झडली होती. पिसं पुन्हा आली, तेव्हा जाळी काढली.