करंबेळकर आणि कोपऱ्यातला केस

करंबेळकर खोलीत आला की आधी माझ्या टेबलावरून बोट फिरवायचा, आणि ते बोट खुर्चीवर टाकलेल्या माझ्या स्वेटरला पुसायचा. धूळ लागलेली असो नसो, पुसायचाच. "लोकांची धूळ काढायचा पगार घेता आणि स्वतः उकिरड्यात बसता," असं म्हणायचा. एसीत थंडी वाजायची तरी तो स्वेटर मी अंगात घालत नसे. तोंडावर मी त्याला सर म्हणत असे. इथे कोणी ऐकत नाही, म्हणून करंबेळकर.

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली पत्रा कापायचे, शेजारी अगरबत्त्या भरायचे, आणि मधे आम्ही जुने पिक्चर साफ करायचो. आपल्याकडचे नव्हेत, इटलीचे. सगळे खुनाचे. काळे हातमोजे घातलेला कोणीतरी वस्तरा घेऊन बाईच्या मागे फिरतो, बाई किंचाळते, आणि खुनी कोण ते अगदी शेवटी कळतं. असे पिक्चर तिकडे एके काळी ढिगाने निघाले. आता परदेशात त्यांचे वेडे लोक आहेत. ते चांगल्या खोक्यातली डिस्क विकत घेतात आणि देव्हाऱ्यात देव मांडावेत तशा कपाटात मांडून ठेवतात. त्यांच्यासाठी तिकडची एक कंपनी जुनी रिळं शोधायची, त्यांची एकेक फ्रेम कॉम्प्युटरवर उतरवायची आणि सफाईला आमच्याकडे पाठवायची. रिळावरची धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके, चिकटलेले केस, सगळं त्या चित्रांत उतरलेलं असायचं. आम्ही बायका पडद्यासमोर बसून कॉम्प्युटरच्या पेनाने एकेक डाग पुसायचो.

मी तिथे झाडू मारायला लागले होते. एका दिवाळीला दोन मुली काम सोडून गेल्या आणि करंबेळकरने माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

"वाचता येतं?"

"चौथीपर्यंत शिकलेय सर."

"उत्तम. वाचायचं नाहीच आहे. बघायचंय. जास्त शिकलेली बाई बघत नाही, विचार करते."

त्या दिवशी मला आनंद झाला होता. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन होऊन तो घरी बसला होता, आणि घर माझ्या पगारावर होतं. ती खुर्ची गेली तर दुसरी खुर्ची मला कोणी देणार नाही हे मला माहीत होतं. करंबेळकरलाही माहीत होतं, आणि ते तो विसरू देत नसे.

त्याने आमची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. आम्ही जिथून यायचो तीच आमची नावं. मी भांडुप. माझ्या शेजारी बसायची ती सुमन कांबळे, ती चेंबूर. "ए भांडुप, तो ठिपका तुझ्या बापाने काढायचा का?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. मी मान खाली घालत असे. सुमन घालत नसे. एकदा त्याने "ए चेंबूर" अशी हाक मारली तर ती हललीच नाही. तो ओरडला तेव्हा म्हणाली, "सर, चेंबूर केवढं मोठं आहे! मला वाटलं अख्ख्या गावाला बोलावताय."

डोळ्यांची आग होते म्हणून मी एकदा पाणी मारायला उठले. तो दारात उभा होता. "डोळे तुमचे, नजर माझी," तो म्हणाला. "ड्युटीवर नजर खाली ठेवायची नाही." हे वाक्य त्याला फार आवडायचं. गाळा बघायला कोणी आलं की त्यांना ऐकवायचा, आणि ते हसायचे.

सुमनने एकदा एका हिरॉइनच्या गालावरचा तीळ धूळ समजून पुसला. हिरॉइन पुढच्या सीनमध्ये तीळ घेऊन आली आणि करंबेळकरच्या लक्षात आलं. त्याने सुमनला सगळ्यांसमोर उभं केलं, पडद्यावर त्या बाईचा चेहरा मोठा केला आणि म्हणाला, "तिची माफी माग." सुमनने हात जोडले. "ताई, माफ करा. आमचा तीळ गेला तर काही नाही, तुमचा गेला तर आमची नोकरी जाते म्हणे." सगळ्या हसल्या. करंबेळकर हसला नाही. त्याने आम्हा सगळ्यांची चहाची सुट्टी बंद केली, ती दुसऱ्या महिन्यापर्यंत.

पण त्याची सगळ्यात वाईट गोष्ट ही नव्हती. तो आम्हाला पिक्चर बघू द्यायचा नाही. आवाज काढून टाकायचा आणि पिक्चरचे तुकडे उलटसुलट करून वाटायचा. माझ्याकडे जिना, सुमनकडे कोणाचा तरी हात, तिसरीकडे नुसता पडदा. कोण कोणाला मारतं, का मारतं, आम्हाला पत्ता नसायचा. विचारलं की म्हणायचा, "गोष्ट कळली की हात थांबतो. तुम्ही बायका रडत बसाल." मी महिनोन् महिने मेलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली. त्या कोण होत्या ते मला कधी कळलं नाही.

स्वतः मात्र तो केबिनमध्ये दहीभात खाता खाता तेच पिक्चर बघायचा. काचेतून दिसायचं. घास हातात तसाच राहायचा. परदेशातल्या साहेबांशी फोनवर बोलताना त्याचा आवाज इतका मऊ व्हायचा की आम्हाला वाटायचं केबिनमध्ये कोणी दुसराच आलाय. इंग्रजीत तो चांगला माणूस होता. मराठीत नव्हता.

मग त्याचा लाडका पिक्चर आला. तरुणपणी त्याने तो एका घासलेल्या कॅसेटवर बघितला होता आणि तेव्हापासून त्याचं वेड लागलं होतं. येईल त्याला तो त्यातला एक प्रसंग सांगायचा. डिटेक्टिव्ह अंधाऱ्या खोलीत बसून घरी काढलेल्या दोन जुन्या फिल्मा बघतो, आणि एकदम उठतो. त्याला खुनी कळलेला असतो. "कसा कळला? काही दाखवत नाहीत! नुसता उठतो! ही प्रतिभा!" असं म्हणून करंबेळकर टेबलावर थाप मारायचा. नव्या डिस्कच्या खोक्यात सफाई करणारा म्हणून त्याचं नाव छापायचं कंपनीने कबूल केलं होतं. त्यामुळे तो आमच्या डोक्यावरच बसला. डबा खाताना पाठीमागे उभा. संडासला गेलं तर घड्याळ.

माझ्या वाटणीला त्या दोन जुन्या फिल्मांचा तुकडा आला होता. मला काय माहीत? मला एवढंच दिसलं की चित्र फार खराब आहे, ओरखडेच ओरखडे, आणि वरच्या कोपऱ्यात एक केस. लांब, वाकडा, सगळ्या फ्रेममध्ये थरथरणारा. मोठं काही दिसलं तर विचारायचं असा नियम होता. मी केबिनच्या दाराशी गेले.

"सर, कोपऱ्यात केस आहे."

त्याने उठून येऊन बघितलं. "केस आहे हे दिसतंय ना? मग काढ. ह्याच्यासाठी मला जेवणावरून उठवलंस?"

मी काढला. आठवडाभर तेवढंच केलं. ओरखडेही काढले. चित्र आरशासारखं झालं. पिक्चर त्याला तोंडपाठ होता, म्हणून त्याने शेवटी नुसते तुकडे तपासले आणि पाठवून दिलं.

काही दिवसांनी केबिनमधून त्याचा तो मऊ आवाज ऐकू आला, पण तुटक. बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा होता. कंपनीने विक्रीच्या आधी काही शौकिनांना डिस्क बघायला दिली होती आणि ते जगभर हसत सुटले होते. त्या पिक्चरमध्ये तो केस हाच पुरावा होता. केस खुन्याच्या कॅमेऱ्याच्या आत अडकलेला होता, म्हणून त्याने काढलेल्या दोन्ही फिल्मांत तोच केस थरथरतो. डिटेक्टिव्ह ते बघून उठतो, पडद्यापाशी जातो आणि त्या केसावर बोट ठेवतो. आमच्या डिस्कमध्ये तो कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवून डोळे मोठे करत होता. आणि जुन्या फिल्मा कालच काढल्यासारख्या चकचकीत.

कंपनीचा साहेब दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर बोलणार होता. करंबेळकरने मला आधी केबिनमध्ये घेतलं. "तू स्वतःच्या मनाने काढलास. मला विचारलं नाहीस. बोलायचं काही नाही, नुसते हात जोडायचे. बाकी मी बघतो. कळलं?" मी काचेतून सुमनच्या खुर्चीकडे बघितलं. "नोकरी हवीय ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

आम्हा सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर साहेब आला. पांढरी दाढी, मागे डिस्कांचं कपाट. करंबेळकर इंग्रजीत बोलत होता. मला त्यातलं एकच कळलं. त्याने "कुंदा" म्हटलं. इतकी वर्षं मी भांडुप होते. दोष द्यायची वेळ आली तेव्हा त्याला माझं नाव आठवलं. माझे हात जोडले जायला लागले होते, तेवढ्यात मागून सुमनचा आवाज आला.

"नो सर! शी आस्क. ही सी हेअर. ही से, रिमूव्ह!"

"चेंबूर, बाहेर हो!" करंबेळकर मराठीत ओरडला.

"सुमन कांबळे," सुमन पडद्याकडे बघून म्हणाली. "माय नेम. राइट डाऊन."

साहेबाने चष्मा काढला. मग तो बराच वेळ बोलला आणि करंबेळकर नुसता "यस, यस" करत राहिला. शेवटी ठरलं ते असं: काढलेला केस आणि ओरखडे पुन्हा जागच्या जागी बसवायचे. आणि पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढून आम्ही सगळ्या ओळीने बसलो आणि करंबेळकरला आम्हाला गोष्ट सांगावी लागली, कारण पिक्चर इटलीच्या भाषेत. सुरुवातीला तो भीक घातल्यासारखा एकेक वाक्य टाकत होता. मग रंगला. चांगलं सांगत होता, खोटं कशाला लिहू. बाई जिन्यात शिरली तेव्हा त्याचा आवाज असा खाली गेला की मी सुमनचा दंड धरला.

"डॉक्टरच आहे," सुमन मोठ्याने म्हणाली. "बघा किती वेळा हात धुतोय मेला."

"गप्प बस!"

"म्हणजे डॉक्टरच आहे."

मग तो प्रसंग आला. सफाईच्या आधीचं चित्र लावलं होतं. केस कोपऱ्यात थरथरला. डिटेक्टिव्ह उठला, पडद्यापाशी गेला आणि त्याने केसावर बोट ठेवलं. करंबेळकर सांगायचा थांबला. त्याच्या कॅसेटवर चित्राच्या कडा कापलेल्या होत्या, केस आणि बोट दोन्ही चित्राबाहेर गेलेले. केस त्यानेही पहिल्यांदाच असा बघितला. "मला वाटायचं त्याला आपोआप उमगतं," तो म्हणाला, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता. आयुष्यभर ज्याला प्रतिभा म्हणत होता तो एक केस होता, आणि तोच त्याने मला काढायला लावला होता.

मला त्याची कीव यायला लागली होती. पण दिवा लागला आणि तो म्हणाला, "बघितलात पिक्चर? झाली हौस? आता तरी डोळे उघडे ठेवून काम करा." कीव तिथेच गेली.

आम्ही केस परत बसवला. डिस्क निघाली, तिचं कौतुक झालं, खोक्यात करंबेळकरचं नाव छापून आलं. पुढच्या महिन्यात त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"काम कमी झालंय. एकीला कमी करायला सांगितलंय वरून."

मी उभी राहिले. मला वाटलं, सुमनचं नाव घेणार. तिच्यासाठी काय बोलावं ते मी मनात जुळवत होते.

"चेंबूरला काढली तर ती अख्खी इस्टेट गोळा करेल," तो म्हणाला. "साहेबाला फोन करेल. तू तसली नाहीस. तू चांगल्या घरातली आहेस, निमूट जाशील."

हे त्याने स्तुती म्हणून सांगितलं. आणि मी निमूट गेले. सुमन खाली रिक्षापर्यंत आली, शिव्या देत. मी तिला हात जोडून सांगितलं की वर जाऊन भांडू नकोस, तुझीही जाईल. घरी नवऱ्याला सांगायला मला दोन दिवस लागले. मग मुलुंडला एका फरसाणवाल्याकडे पाकिटं भरायचं काम मिळालं. दिवसभर उभं राहावं लागतं.

गेल्या महिन्यात सुमनचा फोन आला. करंबेळकर गेला. केबिनमध्येच, खुर्चीत.

"शोकसभा आहे गं गाळ्यात," सुमन म्हणाली. "जुन्या सगळ्यांना बोलावलंय. प्रत्येकीने दोन शब्द बोलायचेत. तू पण बोल."

"मी बोलत नाही म्हणून तर त्याने मला काढलं, सुमन."

ती हसली. बराच वेळ हसली, मग हसता हसता रडायला लागली. मला रडू आलं नाही. तिचं होईपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले.