आबांचा पळता आकडा

आमचे आबा वारले तेव्हा माझ्या मोबाईलमधलं स्टॉपवॉच चालू होतं. ते बंद करायचं राहून गेलं नव्हतं. मी ते बंद केलं नव्हतं. या दोन्हींतला फरक दहाव्याच्या दिवशी अख्ख्या भावकीसमोर सांगायची पाळी येईल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

आधी स्टॉपवॉचचं सांगते. मी महाडला बी.एस्सी. करते. (आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या हातून जे काही होतं ते शिक्षणामुळेच होतं, असं घरचे धरून चालतात. दूध उतू गेलं तरी!) फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लंबक होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, झुलवायचा आणि त्याच्या झोक्यांचा वेळ मोजायचा. लॅबमधली घड्याळं सगळ्यांना पुरत नव्हती. माझ्या जुन्या फोनमधलं स्टॉपवॉच मध्येच अडकायचं. अ‍ॅप घ्यावं तर फोनमध्ये जागा नाही, कारण मुंबईचा काका रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार लिहून पाठवतो आणि ते पुसले तर त्याला कळेल अशी मला भीती वाटायची. शेवटी एका मैत्रिणीने ब्राउझरमध्ये एक पान उघडून दिलं. हिरवं बटण दाबलं की आकडे पळतात, लाल दाबलं की थांबतात, करडं दाबलं की शून्य. त्या पानाचा एक गुण होता. फोन बंद पडला, चार्जिंग संपलं, तरी पुन्हा उघडल्यावर मधला वेळ धरून आकडा आपला पुढे पळतच असायचा.

घड्याळातल्या आकड्याला आमचे सर वाचन म्हणायचे आणि एक वाक्य सारखं सांगायचे, "आधी वाचन लिहा, मग शून्य करा." मी दर वेळी मान डोलवायचे.

सुट्टीत कुडपणला घरी गेले आणि कौतुकाने ते पान आबांना दाखवलं. घराची घडी विस्कटली ती तिथून!

"ह्ये काय पळतंय गो बाय?"

"वेळ आहे, आबा."

"एवढा पळतो? मंग माझा का बसून असतो दिसभर?"

याचं उत्तर फिजिक्समध्ये असावं, पण आम्हाला अजून शिकवलेलं नाही.

त्या दिवसापासून आबांचा वेळ बसेना आणि आमच्यापैकी कुणाला बसू देईना. सकाळी चहा ठेवला की ओटीवरून हाक यायची, "लाव गो आकडा!" बाबा आंघोळीला गेले की, "लाव गो आकडा!" म्हैस पाण्याला तोंड लावते तिथपासून मान वर करते तिथपर्यंत आकडा. बाबांना मोरीतून ओरडावं लागायचं, "अरे, साबण तरी धुऊ द्या!" आई एरवी सासऱ्यांपुढे बोलत नसे. पण आबा फोन घेऊन चुलीपाशी आले त्या दिवशी तीही बोलली.

"मामंजी, माझ्या भाकरीवर आकडा नाय लावायचा."

"फुगाय किती येळ लागतो त्ये बघतोय."

"मंग भाकरीकडं बघा ना! मोबाईल कुठं फुगणार हाय?"

आबा फोन घेऊन मागे फिरले. पण नंतर मला हळूच म्हणाले, "तू मनात मोज, मला सांग."

या सगळ्याचा कळस केला आमच्या शेजारच्या धोंडू तात्यांनी. तात्या आणि आबा लहानपणापासूनचे दोस्त, म्हणजे रोज भांडायचे. आपण अजून तरण्यासारखे चालतो, असं तात्यांचं म्हणणं. आबांनी लगेच पैज लावली. घरापासून खालच्या पऱ्यापर्यंत जायचं, ओढ्याचं पाणी तांब्यात भरून आणायचं, आकडा आबांच्या हातात. तात्या धोतर खोचून निघाले आणि एवढ्या लवकर परत आले की आबांनी फोन झटकून पाहिला. मग कळलं, तात्या पऱ्याजवळच्या वळणापासून दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले होते. तांब्या मांडीवर!

"शून्य कर गो!" आबा कडाडले. "आणलेला मानूस आलेला धरायचा नाय. यायचं तं सोताच्या पायांनी!"

"पैजंत लिवलंय काय तसं?" तात्या.

"आता लिव!"

तात्यांनी हार मानली नाही. पुढे कित्येक दिवस ते ओटीसमोरून जाताना "जिंकलो मीच" एवढं बोलून जात आणि आबा "आणलेला!" एवढंच उत्तर देत.

शिमग्याच्या थोडं आधी, मी घरीच होते तेव्हा, एका सकाळी आबांच्या छातीत कळ आली. बाबांनी वाडीतली जीप बोलावली. पोलादपूर, तिथून पुढे महाड असं जायचं ठरलं. आबांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. चेहरा घामाने भिजलेला. मी दाराशी उभी होते. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"बाय, लाव गो आकडा. बघू किती येळात परत येतो."

"आबा, आता कशाला…"

"लाव!"

मी हिरवं बटण दाबलं.

"पळतोय?"

"पळतोय."

"मंग चला," ते ड्रायव्हरला म्हणाले. जणू जीप माझ्याचसाठी खोळंबली होती.

दुसऱ्या दिवशी आबांना आणलं.

सगळे रडत होते. मीही रडत होते. आणि खरं सांगायचं तर त्यातच मी एकदा फोन काढला आणि लाल बटणावर अंगठा धरला. पण दाबता येईना. आबा आले नव्हते. आबांना आणलं होतं. आणि आणलेला माणूस आलेला धरायचा नाही, हा नियम त्यांचाच. मी फोन परत ठेवला. पुढचे दिवस मी ते पान रोज उघडून बघायचे. तासांचा आकडा तीन अंकी झाला होता. पळतोय तोवर आबा वाटेत आहेत, असं मला वाटायचं. (विज्ञान शाखा!)

दहाव्याला आम्ही सगळे त्याच पऱ्याच्या काठी जमलो. बायका मागे खडकावर बसल्या होत्या, आईजवळ मी. बाबांनी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. समोर ऐनाच्या झाडावर एक कावळा आधीपासूनच होता. म्हटलं, झालं. पण तो हलेना. मान वाकडी करून आमच्याकडे बघत राहिला.

गुरुजी पोलादपूरहून मोटारसायकलवर आले होते आणि त्यांना खाली अजून एका ठिकाणी पोचायचं होतं. "इच्छा राहिली असेल काही," ते म्हणाले. "काय असेल ते बोलून टाका."

बाबा पुढे झाले, हात जोडले. "आबा, म्हैस इकनार नाय. तुमी बोललावता तसं." कावळा गप्प.

मग काका. काका मुंबईला फॅक्टरीत आहे. काकीला मुलाच्या परीक्षेमुळे येता आलं नव्हतं, म्हणून तो तिच्यासाठी सगळा व्हिडिओ काढत होता. एका हातात मोबाईल आणि उन्हाने स्क्रीन दिसत नाही म्हणून दुसऱ्या हातात फॅक्टरीने दिलेली लालपिवळी छत्री. पिंडापासून चार पावलांवर! तो तसाच म्हणाला, "आबा, गणपतीला दरवर्षी येईन." कावळा गप्प. "शिमग्याला पण येईन." गप्प. "बरं, लावणीला पण! सुट्टी टाकून!" कावळ्याने पंखात चोच खुपसली. काकाला सुटल्यासारखं वाटलं की अपमान झाल्यासारखं, ते काही समजलं नाही.

एवढ्यात धोंडू तात्या गर्दीतून पुढे आले. त्यांचा आवाज नीट फुटत नव्हता. "मी जिंकलो नवतो रे," ते झाडाकडे बघून म्हणाले. "गाडीवरनं आलो मी. मान्य. ये आता, ये." आणि मटकन खाली बसले. हसावं असं ते होतं, पण कुणी हसलं नाही. कावळा मात्र तिथेच.

"मग दर्भाचा कावळा करू," गुरुजी म्हणाले. "तसंही चालतं. किती वाजले हो?"

दर्भाचा म्हटल्यावर बाबांचा चेहरा उतरला. शास्त्रात चालतं, पण वाडीत चालत नाही. म्हाताऱ्याला कावळा शिवला नाही, हे वाक्य मग पिढ्यान् पिढ्या घराला चिकटून राहतं. आई मला म्हणाली, "वाजले किती सांग की गो." मी फोन काढला, आणि घाईत घड्याळाऐवजी तेच पान समोर आलं. तात्यांना तोवर कुणीतरी उठवून आमच्या खडकापाशी आणून बसवलं होतं, त्यांनी वाकून पाहिलं.

"ह्ये अजून पळतंय?"

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगायचा प्रयत्न केला. जीप, आबा, "परत येतो", आलेला, आणलेला. माझं बोलणं मलाच कळेना. तात्यांना मात्र लगेच कळलं.

"अरे, म्हातारा अडकलाय तो ह्यात! आकडा चालू ठेवून कसा जाईल?"

"सिस्टमच चालू ठेवलीय हिने!" काका ओरडला. "बंद कर, बंद कर!"

"बंद कर गो!" मागून बायका.

गुरुजी म्हणाले, "याचं शास्त्रात काही नाही, पण करून बघायला हरकत नाही."

मी फोन छातीशी धरून उभी राहिले. पेपरात नापास झाल्यावर उभं राहावं तशी. बाबा जवळ आले. ते ओरडले नाहीत.

"बाय, थांबव."

"बाबा, थांबवलं तर…"

"मला म्हायती हाय. मला पन नाय वाटत थांबवावासा. पन आबांना उपाशी ठेवायचं काय?"

मी अंगठा ठेवला. तो ओला होता, पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जोरात दाबला आणि आकडा थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो स्थिर दिसला. आणि मला तो वाचता येईना, कारण डोळ्यांत पाणी होतं.

कावळा जागचा हलला नाही.

"अरे, रीसेट मारायला पाहिजे ना!" काका म्हणाला. "आमच्याकडे मशीन अडकलं की आधी रीसेट! थांब, तुला नाय जमणार." त्याने मोबाईल खिशात टाकला, हात मोकळा करायला छत्री मिटली, काखेत मारली आणि लांब ढांगा टाकत माझ्याकडे आला. मी "काका, आधी वाचन…" एवढं म्हणेपर्यंत त्याने करडं बटण दाबलं होतं.

मागे पंखांचा आवाज झाला.

"शिवला! शिवला!"

बाबा गुडघ्यांवर बसून रडले. तात्या रडले. काका मला मिठी मारून रडला आणि मग म्हणाला, "बघितलंस? रीसेट!" कावळ्याला आकड्याचं काही नव्हतं, त्याला ती उघडी छत्री नको होती, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीने असं काही बोलू नये, एवढं शहाणपण त्या दिवशी आलं होतं. शिवाय खरंच तसं होतं की नाही, हे आता कावळ्यालाच विचारायला हवं.

फोनवर नुसती शून्यं होती. शेवटचा आकडा कुणीच वाचला नव्हता.

पाहुणे गेले. घर एकदम मोठं वाटायला लागलं. एका संध्याकाळी आई भात चुलीवर ठेवून गोठ्यात गेली. बाबा ओटीवर आबांच्या जागी बसले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "लाव गो आकडा."

मी हिरवं बटण दाबलं आणि फोन दोघांच्या मध्ये ठेवला. आम्ही त्या पळत्या आकड्यांकडे बघत बसलो. किती बरं वाटत होतं, ते सांगता येत नाही.

"नाकं गहाण टाकलीत काय दोघांनी!" आई दारातून ओरडली. "भाताचा कोळसा झाला!"

आबांना परत यायला किती वेळ लागला असता, ते आता कधीच कळायचं नाही. आमच्या चुलीवर भाताचा कोळसा व्हायला किती लागतो, ते मात्र मी सेकंदासकट सांगू शकते. या वेळी आधी वाचन लिहिलं, मग शून्य केलं.