मालदीवचे सोलर आणि आमची येळवस

दत्तूला येळवशीसाठी घरी आणायचं म्हणून मी मालदीवला गेले. बेट बघणं हे आपलं निमित्त. दत्तू माझा धाकटा भाऊ, तिथल्या एका चिमुकल्या बेटावर सोलर पॅनल बसवायच्या कामावर. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या मुखेड-लातूरकडे गावं ओस पडतात. सगळे आपापल्या शेतात कडब्याच्या कोपीपुढे, म्हणजे खोपटापुढे, बसून भज्जी-भाकरी खातात. दत्तू नसला की आमच्या वडलांना, आप्पांना, घास गोड लागत नाही.

मुखेडहून एसटीने नांदेड, तिथून रेल्वेने हैदराबाद, पुढे विमान. व्हिसा पोचल्यावर मिळतो. राजधानी मालेहून बेटावर जायला साधी फेरी घ्या, स्पीडबोट खिसा कापते. शुक्रवारी मात्र फेरी नसते. मी नेमकी शुक्रवारी उतरले आणि स्वतःवरच चरफडत मालेत राहिले.

बेट एवढंसं, चहा निवायच्या आत पालथं घालून होतं. पूर्वी जनरेटरसाठी डिझेल आणणारी बोट चुकली की अंधार. आता शाळेच्या छतावर, धक्क्यावर, जिकडेतिकडे पॅनल. त्या विजेवर बर्फ तयार होतो, मासळी टिकते, म्हणून पोरं कामासाठी माले न गाठता मासेमारीच्या होडीवरच राहिलीत. धक्क्यावरच्या पॅनलच्या सावलीत बाया मासे साफ करत गप्पा छाटत होत्या. नाश्त्याला टूना-खोबरं आणि रोशी नावाची चपाती. चव झकास.

"यांना वीतभर जमीन न्हाई, ताई," दत्तू म्हणाला. "म्हणून खाली माणसं अन् वर पॅनल. आपल्या शेतातबी पॅनल लागले असतील की. यंदा त्याच्याखालीच कोप घालू."

मी हातातली रोशी खाली ठेवली. शेत सोलरवाल्यांना भाड्याने द्या, हा आग्रह त्याचाच. आप्पा नको म्हणत होते, यानेच फोनवर पटवलं.

"दत्तू, कुंपण घातलंय. आत कुणाला सोडत न्हाईत."

"आपल्यालाबी?"

"हाव."

"मला वाटलं, इथल्यावानीच असतंय," एवढंच तो बोलला. हे काम तो बेटावरच शिकला होता. पॅनल त्याने माणसांच्या डोक्यावरच पाहिले होते. त्याच्यावर चिडावं असं ठरवून गेले होते, पण फार वाईट वाटलं.

तरी तो माझ्याबरोबर आला. कुणी विचारलं तर मी सांगते, मालदीव सुंदर आहे, जरूर जा. त्याहून जास्त सांगवत नाही.

येळवशीला आम्ही कुंपणाबाहेर सतरंजी टाकली. पहारेकरी भला माणूस, आमच्यात जेवला, पण कुलूप उघडणं त्याच्या हातात नव्हतं. दिवस कलला की शेतभर आंबील शिंपायची आमची रीत. आप्पांनी तारेवरून हात लांबवून आंबील फेकलं. पुढच्या पॅनलच्या काचेवर पांढरे ओघळ आले.

"आप्पा," दत्तू हळूच म्हणाला, "काचंवर डाग पडला की वीज कमी व्हती."

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी मडकं त्याच्या हातात दिलं. "मंग तूच शिंप. कुठं टाकलेलं चालतंय, ते तुलाच ठावं."

दत्तू काच नसलेली जागा शोधत कुंपणाच्या कडेकडेने निघाला. सगळ्या शेताला वळसा घालून परत आला, तेव्हा मडकं तसंच भरलेलं होतं.