हरणीचं माहेर

नाशिकच्या दवाखान्यात वन्संना शेवटचं भेटायला गेले, तेव्हा जव्हारहून पहिली एसटी पकडली होती. पिशवीत नाचणीची पेज होती, आमसुलाचं सार होतं, घडी केलेला स्वच्छ पंचा होता. वन्संनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हरणी कशी आहे?" प्रवास कसा झाला हे नाही, शाळेतून रजा मिळाली का हेही नाही... हरणी. हरणी म्हणजे माझी कुत्री. 'माझी' हे मुद्दाम सांगते आहे, कारण वाचता वाचता तुम्हीही ते विसराल, सगळेच विसरतात. पेजेच्या डब्याचं झाकण काढताना माझ्या मनात आलं, या बाईला इथे पडल्या पडल्याही माझीच कुत्री हवी आहे! अशा वेळी असं मनात येऊ नये हे मला कळतं. पण आलं. पुढच्याच आठवड्यात मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. "शैला गेली," एवढंच म्हणाले. मी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि पोरांना पाढे म्हणायला सांगितलं.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, शैलजा. नणंद-भावजयीचं नातं विळ्याभोपळ्याचं म्हणतात. आमचं तसं नव्हतं, आम्ही कधी मोठ्यानं भांडलो नाही. मी फक्त जळायचे, आणि तेही मनातल्या मनात. त्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनुकशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन जव्हारच्या घरी राहायला आल्या आणि येताना कामही घेऊन आल्या. आमच्या मोखाड्याच्या डोंगरात लांब पायांची, पोट आत गेलेली, शेतातून रानडुकरं हाकलणारी कुत्री असतात. पूर्वी पाड्यापाड्यावर दिसायची, आता थोडीच उरली आहेत. ही उरलेली कुत्री एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातली आहेत, हे वन्संना शोधायचं होतं.

आता त्या कुत्र्यांबद्दल मला कुणी काही शिकवावं? माझं माहेर पोशेऱ्याचं. माझ्या वडिलांच्या कुत्र्यांचं नाव चार गावांत होतं. घरातली मुलगी सासरी निघाली की दादा तिच्यासोबत एक पिल्लू द्यायचे. माझ्या आत्या, माझ्या बहिणी, चुलत बहिणी, जिथे जिथे गेल्या तिथे तिथे आमच्या ओट्यावरचं पिल्लू गेलं. माझ्याबरोबर जव्हारला आली ती हरणीच्या आजीची आजी. तिच्यापासून आजवर आमच्याकडच्या प्रत्येक कुत्रीसाठी नर आणला तो पोशेऱ्याहूनच. बाहेरचं रक्त शिरू दिलं नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही.

वन्सं आल्या आणि महिन्याभरात हरणी त्यांची झाली. भाकरी मी घालायची, गोचिड्या मी काढायच्या, आणि ही सटवी संध्याकाळी जाऊन बसणार कुठे, तर ओटीवर वन्संच्या वेताच्या खुर्चीखाली. त्या तिला घेऊन शिरपामाळला फिरायला जायच्या. तिथे आलेले पर्यटक विचारायचे, "ही तुमची का?" वन्सं प्रामाणिकपणे सांगायच्या, "नाही हो, आमच्या वहिनींची." हे त्या घरी येऊन मला सांगायच्या सुद्धा, आणि सांगत असताना हरणी त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून बसलेली असायची. त्यांनी निदान खोटं बोलून "माझी" म्हटलं असतं, तर मला रागावता तरी आलं असतं.

हरणीची आधीची दोन वेतं वाया गेली होती. पिल्लं कमी झाली, जी झाली ती दूध ओढायला उठेनात आणि आठवड्याच्या आत गेली. मी दृष्ट काढली, खुराक बदलला. वन्संनी मात्र कापसाच्या काड्या काढल्या. कुत्र्याच्या गालाच्या आतून काडी फिरवायची, पाकिटात घालून त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे दोन कुत्र्यांच्या जनुकांतल्या खुणा ताडून त्यांचं नातं किती जवळचं ते काढायचं. पोशेरा आणि आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांच्या काड्या गेल्या. निकाल आला तेव्हा वन्संनी तो मला वाचून दाखवला. माझी हरणी आणि माझ्या भावाचा ढाण्या, ज्याला मी नवरा म्हणून कधीचा योजून ठेवला होता, यांच्यात म्हणण्यासारखं नातं नाही! मी त्याच दिवशी रव्याचे लाडू केले. पहिला लाडू वन्संच्याच हातावर ठेवला. त्यांनी अर्धा खाल्ला, आणि अर्धा हरणीला घालून म्हणाल्या, "वहिनी, माझा यावर विश्वास बसत नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यांचीच काडी, यांचीच प्रयोगशाळा, आणि निकाल माझ्या बाजूनं लागला तर विश्वास बसत नाही? तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "तुमच्या माहेरी सगळेच उंच," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या फोटोत तुम्ही सगळे ओळीनं उभे आहात, त्यात कुणी उंच वाटतं का? शेजारचा कुणी येऊन उभा राहिला की मग कळतं. मी पोशेऱ्याची कुत्री पोशेऱ्याच्याच कुत्र्यांशी ताडून पाहिली, आसपासच्या गावांतलीही तुमच्याच ओट्यावरून गेलेली. सगळीच एकमेकांची असली, तर कोण कुणाच्या जवळचं ते दिसणार कसं? बाहेरची कुत्री हवीत मोजायला." मी म्हटलं, "हवीत तर आणा." मनात म्हटलं, माझं बरं झालेलं हिला बघवत नाही.

आणि त्यांनी आणली. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यांवरून, डहाणूकडून, नाशिकच्या बाजूनं. परत काड्या, परत पाकिटं. या वेळी निकाल त्यांनी वाचून दाखवला नाही, जवळ बसून सांगितला. हरणी आणि ढाण्या पिढ्या मोजल्या तर लांबचे, पण रक्तानं सख्ख्या भावंडांइतके जवळचे. दर पिढीला माहेरचाच नवरा केल्यामुळे, आणि पिल्लं तगत नव्हती तीही त्यामुळेच. "मामाची मुलगी एकदा केली तर चालून जातं, वहिनी. पण प्रत्येक पिढीनं तेच केलं तर नवरा कोण आणि भाऊ कोण?" आणि सगळ्यांत परका, म्हणून सगळ्यांत मोलाचा नर कोण निघावा? सूर्यमाळचा कानफाट्या! डुकरानं कान फाडलेला, मागचे पाय फेंगडे, अंगावर राखेचा रंग. माझ्या दादांच्या कुत्र्यांपुढे हा?

ही गोष्ट पोशेऱ्याला पोचली तेव्हा माझा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुझ्या नणंदेला सांग, आमच्या ओट्यावर असलं कुत्रं उभं पण नाय करत." मी तो निरोप तिखटमीठ न लावता पोचवला, तोच पुरेसा तिखट होता. वन्सं हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुत्री तुमची आहे. ठरवायचं तुम्ही." मग म्हणाल्या, "मला तुमचा हेवा वाटतो, वहिनी. तुम्हाला कुत्रंसुद्धा माहेरचंच हवं असतं. मला कुठलं माहेर... मी माहेरातच राहिले." ते ऐकून माझा जीव हळहळायला हवा होता. तसं काही झालं नाही. मला वाटलं, घ्या! कुत्री घेतली, आता हेवासुद्धा हिलाच हवा. माझ्याकडे तेवढंच तर उरलं होतं.

पावसाळा सरला आणि वन्संचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचं दुखणं निघालं. हे त्यांना घेऊन नाशिकला गेले आणि तिथेच राहिले. घरी मी आणि हरणी. त्याच दिवसांत हरणी माजावर आली, आणि कुणी न सांगता माझा भाऊ ढाण्याला जीपमध्ये घालून दारात हजर. देखणं कुत्रं हो! मान अशी उचलून उभं होतं की दादांची आठवण व्हावी. अडवायला कुणी नव्हतं. ओटीवरची वेताची खुर्ची रिकामी होती. वन्सं त्या खुर्चीत बसलेल्या असत्या, तर शपथेवर सांगते, त्यांच्या डोळ्यांदेखत मी ढाण्याला आत घेतलं असतं. पण त्या नव्हत्या... आणि त्या नसताना त्यांच्याशी जिंकण्यात काही चव उरली नव्हती. मी भावाला चहा दिला आणि ढाण्याला परत ने म्हटलं. तो चहा अर्धा टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी जीप करून मी सूर्यमाळला गेले. कानफाट्याच्या घरची म्हातारी हंडा उतरवून माझ्या मागे बघायला लागली. "डाक्टरीण बाय नाय आली?" मी म्हटलं, त्या आजारी आहेत, कुत्रा मी न्यायला आले आहे, हवे ते पैसे देते. म्हातारी म्हणाली, "पैशे कशाला? तो कुनाचाच नाय, पावसात आला नि ऱ्हायला. पन मी त्याला तिच्याच हातात देन. तू कोन?" तीस वर्षं या तालुक्यांत शिकवते आहे मी. आमदारापासून कंडक्टरपर्यंत सगळे मला बाई म्हणून ओळखतात. त्या अंगणात उभी राहून मला सांगावं लागलं, "मी तिची वहिनी." म्हातारीचा चेहरा लगेच निवळला. "मंग आदीच सांगाचा ना, बाय!" कानफाट्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसून आला, आणि पूर्ण वाटेत त्यानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

म्हणून त्या शेवटच्या भेटीत, हरणी कशी आहे विचारल्यावर, मी पेजेचा चमचा पुढे करत म्हटलं, "बरी आहे. पोट दिसायला लागलंय." खात्री झाल्याशिवाय सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. "कुणाचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या त्या ध्यानाचं. ओटीच्या पायऱ्या घाण करून ठेवल्यात त्यानं." वन्सं हसल्या. हसताना दुखत होतं, तरी हसल्या, आणि सगळी पेज संपवली.

पिल्लं त्या गेल्यावर झाली. पाच. पाचही जगली, दांडगी आहेत, आणि एकही दिसायला धड नाही. परवा माझा भाऊ आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि जाताना खाली बघत म्हणाला, "ताई, एक दे." माझ्या माहेराला पहिल्यांदाच सासरचं पिल्लू जाणार आहे. वन्संच्या खोलीत उरलेल्या काड्या होत्या, त्या पिल्लांच्या गालांतून मीच फिरवल्या आणि पाकिटं पाठवून दिली.

हरणी अजून पिल्लांसकट वेताच्या खुर्चीखालीच झोपते. मी माझी जुनी नऊवारी घडी करून स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला अंथरली. तिनं हुंगली आणि परत गेली. काल शाळेतून आले, अंगात त्राण नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले. पाठीवर वन्संची शाल होती, ती ओढून घेतली. थोड्या वेळानं हरणी खुर्चीखालून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पावलांवर हनुवटी टेकून बसली. मी हलले नाही. ती माझ्याजवळ आली होती की शालीजवळ, हे ताडून सांगणारं एकच माणूस मला माहीत होतं.